कानपूरच्या भंगारातलं लिबरेटर लंडनला कसं पोचलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनला हेंडनच्या आर.ए.एफ. (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं लिबरेटर बॉम्बर पाहिलं. ते भारतीय हवाई दलाकडून आल्याचं कळलं. अमेरिकेत बनलेलं, ब्रिटिशांनी वापरलेलं विमान भारताकडे आलं कुठून? आणि ते खरंच युद्धातलं आहे, की इकडचे तिकडचे भाग जोडून उभं केलेलं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: दोन्ही. युद्धातलं आहे आणि जोडलेलंही आहे. कसं, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. इंजिन, वायरिंग आणि रेडिओ काढून घेतल्यावर विमानाचं जे काही उरतं ते आमचं: पंख, अंग, शेपूट, चाकं. नोकरीची पहिली दीड-दोन वर्षं लिबरेटरवर गेली. माझी पहिली आणि त्या विमानांची शेवटची. तेव्हा त्यांना इतिहासबितिहास आहे असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. जुनं, गळकं, तेलकट आणि चढा-उतरायला अडचणीचं विमान, एवढंच मत होतं.

लिबरेटर म्हणजे कन्सॉलिडेटेड कंपनीचं बी-२४. पहिलं उड्डाण डिसेंबर १९३९ मध्ये सॅन डिएगोला झालं. पुढच्या पाच-सहा वर्षांत अशी १८ हजारांवर विमानं बनली. एवढ्या संख्येने दुसरं कुठलंही जड बॉम्बर कधी बनलं नाही. मिशिगनमधल्या विलो रनला मोटारवाल्या फोर्डने कारखाना टाकला होता. तिथे भराच्या काळात जवळपास तासाला एक विमान बाहेर पडायचं. हेंडनला तुम्ही पाहिलेलं के.एन. ७५१ हे तिथलंच, फोर्डचं. पंखांचा पसारा ११० फूट, लांबी ६७ फूट, बाराशे अश्वशक्तीची चार इंजिनं.

ब्रिटिशांना ते भारतात हवं होतं ते अंतरासाठी. ब्रह्मदेश आणि सयाममधले (आजचं थायलंड) जपानी तळ, रेल्वे, बंदरं बंगालपासून इतकी दूर होती की तिथवर जाऊन परत येणारं दुसरं बॉम्बर त्यांच्याकडे नव्हतंच. मिदनापूर जिल्ह्यातल्या दिगरी आणि सालबनीच्या धावपट्ट्यांवरून ही विमानं निघायची. दिगरीच्या १५९ स्क्वॉड्रनचे (स्क्वॉड्रन म्हणजे हवाई दलाची तुकडी) कॅनेडियन विंग कमांडर ब्लॅकबर्न यांनी इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त कशी द्यायची, वेग किती ठेवायचा, याचे धडे देऊन पल्ला इतका वाढवला की ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांची विमानं दिगरीहून थेट मलायातल्या पेनांगच्या बंदरात सुरुंग टाकून परत आली. जाऊन-येऊन तीन हजार मैल. मी या विमानाच्या अंगात शिरून काम केलेलं असल्यामुळे त्या माणसांचं मला जास्त वाटतं. आत बसायला जागा नाही, ऊब नाही, आणि पेट्रोलचा वास असा की वाफा निघून जाव्यात म्हणून उडताना बॉम्ब-बेचे, म्हणजे पोटातल्या बॉम्बच्या कप्प्याचे, दरवाजे थोडे उघडे ठेवायचे.

के.एन. ७५१ या सगळ्यात अगदी शेवटी आलं. १९४५ च्या उन्हाळ्यात ९९ स्क्वॉड्रन हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर हललं, तिथे हे विमान होतं. ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. मग त्या स्क्वॉड्रनने बॉम्बऐवजी जावा-सुमात्रातल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांवर अन्न आणि औषधं टाकली. म्हणजे या विमानाच्या वाट्याला आलेलं युद्ध काही आठवड्यांचं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युद्ध संपल्यावर ही विमानं ब्रिटिशांना नकोशी झाली. अमेरिकेने ती 'लेंड-लीज' करारावर दिली होती: ठेवायची असतील तर पैसे मोजा, नाहीतर परत करा किंवा नष्ट करा. पैसे मोजायची ब्रिटनची ऐपत नव्हती आणि परत न्यायला अमेरिकेला रस नव्हता. म्हणून पूर्वेकडची लिबरेटर्स कानपूरला चकेरीच्या तळावर आणून लावली आणि पुन्हा उडणार नाहीत अशी बिघडवली. आमच्या वेळचे जुने वॉरंट ऑफिसर हे रंगवून सांगायचे. इंजिनात वाळू ओतली, घड्याळं फोडली, पत्र्याला भोकं पाडली, काहींना तर ट्रकने धडका दिल्या. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा बदलायचा, पण मुद्दाम मोडली यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यानंतर दोन-तीन पावसाळे ती विमानं तशीच उघड्यावर भिजली.

१९४७-४८ मध्ये काश्मीरची लढाई सुरू झाली तेव्हा आपल्या हवाई दलाकडे एकही जड बॉम्बर नव्हतं. डाकोटा हे मालवाहू विमान. त्याच्या दारातून हाताने बॉम्ब ढकलून काम भागवावं लागलं होतं. नवी बॉम्बर घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की चकेरीला लिबरेटर्सचं रान पडलंय. त्यातून काही उठवता येतील का बघा, असं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टला सांगण्यात आलं. आजच्या भाषेत एच.ए.एल. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये काढलेली कंपनी ती हीच.

इथे बहुतेक लेखांत 'भारतीयांनी जुगाड केला' असं कौतुकाने लिहिलेलं असतं. मला तो शब्द या कामाला लावलेला अजिबात आवडत नाही. जुगाड करून स्कूटर चालेल. पंचवीस-तीस टनांचं विमान समुद्रावर दहा-बारा तास नेता येत नाही. बंगळूरला हे जमलं त्याला दोन सरळ कारणं होती. पहिलं म्हणजे युद्धाच्या काळात, १९४३ पासून, तो कारखाना अमेरिकन हवाई दलाने चालवायला घेतला होता. तिथे अमेरिकन विमानांचं ओव्हरहॉल होत असे. तिथल्या कामगारांनी अमेरिकन पद्धतीचे जिग (भाग जागेवर धरून ठेवणारे साचे), मोजमापं, मिश्रधातूंचे नंबर वर्षानुवर्षं हाताळले होते. दुसरं कारण इंजिनाचं. लिबरेटरचं प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३० हे चौदा सिलिंडरचं इंजिन आणि डाकोटाचं इंजिन एकाच घराण्यातलं. टर्बो वगैरे वेगळं, पण सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह बसवणारा हात तोच. आणि डाकोटा तर आपल्याकडे गावच्या एस.टी.सारख्या होत्या. म्हणजे माणसं तयार होती, फक्त विमान नव्हतं.

तरी एक काम असं होतं की त्याला कुठलीच तयारी पुरली नसती. चकेरीला जागेवर एवढीच दुरुस्ती करायची की विमान कसंबसं उडेल, आणि मग ते दीड हजार किलोमीटरवर बंगळूरला न्यायचं. ते नेलं जमशेद कैकोबाद मुन्शी या एच.ए.एल.च्या टेस्ट पायलटने. लिबरेटर त्यांनी आधी कधी उडवलेलं नव्हतं. एक विमान नेलं असतं तरी मी टोपी काढली असती. त्यांनी एकामागून एक चाळीसच्या वर विमानं नेली आणि सगळी नीट पोचवली.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली विमानं तयार झाली. त्यांवर ५ स्क्वॉड्रन उभं राहिलं, तेही कानपूरलाच. काश्मीरचा युद्धविराम १ जानेवारी १९४९ ला झाला, त्यामुळे ज्या लढाईसाठी घाई केली ती हुकली. पुढे १९५१ मध्ये पुण्याला ६ स्क्वॉड्रनला लिबरेटर मिळाली आणि त्यांचं काम बदललं: समुद्रावर टेहळणी. १९५७ मध्ये ५ स्क्वॉड्रन कॅनबेरा या जेट बॉम्बरवर गेलं. ६ स्क्वॉड्रनकडे साठीच्या दशकात एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी विमानं आली, तरी लिबरेटर उडतच राहिली. ती निवृत्त झाली ३१ डिसेंबर १९६८ ला. जगात सेवेत असलेली ही शेवटची लिबरेटर्स. त्या काळात विश्रांतवाडी-येरवड्याकडे राहणाऱ्यांना चार इंजिनांची ती घरघर आठवत असेल. जेटसारखी कानठळ्या बसवणारी नव्हे, छातीत जाणवणारी.

आता 'खरं की जोडलेलं' हा प्रश्न. कानपूरच्या ढिगातून एक विमान उभं करायचं म्हणजे एकाचं अंग, दुसऱ्याची शेपूट, तिसऱ्याचं चाक. त्यातही एक गंमत होती. लिबरेटर पाच कारखान्यांत बनली, आणि नकाशा एक असला तरी फोर्डची आणि सॅन डिएगोची घडण तंतोतंत सारखी नव्हती. आमचे एक वॉरंट ऑफिसर म्हणायचे, "फोर्डची सून सॅन डिएगोच्या घरात नांदत नाही." भोकं सूतभर पुढे-मागे यायची. मग जुनी भोकं बुजवून नवी पाडायची, खाली दुहेरी पत्रा द्यायचा, काठ घासायचे. हे सगळं पुस्तकाप्रमाणे. म्हणून अशा विमानाची ओळख ठरवताना आम्ही रंगाकडे बघतच नाही, आणि शेपटीवरच्या नंबराकडे तर मुळीच नाही. अंगाच्या मुख्य सांगाड्यावर कारखान्याची पाटी कुठली, हे बघायचं. त्या अंगाचा जो नंबर, तोच विमानाचा. मग पंख कुणाचे का असेनात. माणसाचा गुडघा बदलला म्हणून त्याचं नाव बदलत नाही, तसंच. या हिशेबाने के.एन. ७५१ म्हणजे आपल्या हवाई दलाचं एच.ई. ८०७, हे खरं विमान. ज्याला संशय असेल त्याला एवढंच सांगेन की युद्ध चालू असतानाही तळावरचे फिटर मोडक्या विमानाचे भाग काढून चालू विमानाला लावतच असत. 'अस्सल' म्हणजे एकही भाग न बदललेलं विमान फक्त कारखान्याच्या दारात सापडेल.

जाता जाता पत्र्याच्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण त्यावर कुणी लिहीत नाही. या विमानांत जिथे जोर जास्त तिथले रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) साधे नसतात. ते भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, लगेच बर्फाच्या पेटीत ठेवायचे. थंड असेपर्यंत ते मऊ राहतात. बाहेर काढले की दहा-पंधरा मिनिटांत ठोकलेच पाहिजेत, नाहीतर कडक होतात आणि ठोकताना डोक्याला चिरा जातात. मी नवीन होतो तेव्हा पेटीतून रिव्हेट आणायचं काम माझं. वाटीत आठ-दहाच आणायचे आणि पळत यायचं. एकदा जास्त आणले, म्हटलं फेरा वाचेल. त्यातले पाच कडक झाले. ते टाकायला लागले आणि टाकायच्या आधी मोजून दाखवायला लागले. बाहेरून रिव्हेट ठोकणारा गनवाला, आत पंखाच्या पोकळीत डॉली, म्हणजे मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा, धरून बसलेला दुसरा. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, सगळा संवाद ठोक्यांवर. एक टकटक म्हणजे झालं, दोन म्हणजे पुन्हा मार, तीन म्हणजे बिघडला, काढ. मे महिन्यात त्या पोकळीत अर्धा तास डॉली धरून बसलेला माणूस बाहेर आला की आधी पाणी पितो आणि मग शिव्या देतो.

हेंडनला पुन्हा जाणार असाल तर काही गोष्टी जवळून बघा. बॉम्ब-बेचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे आहेत. खाली न उघडता ते अंगाच्या बाजूने वर गुंडाळत जातात. त्या पोकळीच्या मधोमध जेमतेम नऊ इंच रुंदीची पट्टी आहे. पुढून मागे जायचा रस्ता तोच. जाडजूड कोट घालून, पॅराशूट लटकावून, दोन्ही बाजूंना बॉम्ब टांगलेले असताना त्यावरून माणसं जायची. आम्ही हातात फक्त पाना घेऊन जमिनीवर उभ्या विमानात जायचो, तरी बरगड्या घासायच्या. मुख्य चाकं बाजूला, पंखात आडवी जाऊन बसतात. ती पूर्ण झाकली जात नाहीत. पुढचं चाक वळवता येत नाही. जमिनीवर विमान वळवायचं तर एका बाजूचा ब्रेक आणि दुसऱ्या बाजूच्या इंजिनांचा जोर. म्हणून नवा पायलट टॅक्सी करू लागला, म्हणजे विमान जमिनीवर चालवू लागला, की आम्ही सगळे लांब उभे राहायचो.

शेपटीखाली टेकू आहे का, तेही बघा. रिकामं लिबरेटर पुढून हलकं असतं. मागच्या भागात माणसं जास्त झाली की नाक उचलतं. एकदा आम्ही चौघं मागे शिरून साफसफाई करत होतो, आणि टेकू लावायचा राहिला होता. तो लावायचं काम माझं होतं. अंग सावकाश मागे कलायला लागलं आणि बाहेरून जी आरोळी आली ती मी अजून विसरलेलो नाही. चौघंही त्या नऊ इंची पट्टीवरून पुढे कसे पळालो ते सांगता येणार नाही. शेपूट टेकली नाही. पण पुढचा महिनाभर सगळ्या टेकूंना रंग लावायचं काम माझ्याकडे आलं.

निवृत्तीनंतर ही विमानं भंगारात निघाली असती, पण तोवर जगभरच्या संग्रहालयांना शोध लागला होता की १८ हजारांतून जवळपास काहीच उरलेलं नाही. अमेरिकेने आपली विमानं युद्धानंतर लगेच वितळवून ॲल्युमिनियम केलं. संख्या एवढी अफाट होती की जपून ठेवावं असं कुणाला वाटलंच नाही. मग सगळे भारताकडे आले. १९६८ मध्ये एक कॅनडाला गेलं, ओटावाला. १९६९ मध्ये एक पुण्याहून उडत ॲरिझोनातल्या टूसॉनला, पिमा संग्रहालयात. १९७४ मध्ये आपलं एच.ई. ८०७ उडत इंग्लंडला उतरलं आणि पुन्हा के.एन. ७५१ झालं. आधी ते त्याच म्युझियमच्या कोसफर्डच्या शाखेत होतं, नंतर हेंडनला आलं. एक सत्तरच्या दशकात टॅलिशे या अमेरिकन संग्राहकाने नेलं, ते आता फ्लोरिडात आहे. आणि एक, एच.ई. ७७१, १९८० च्या दशकात सुटे भाग करून मालवाहू विमानातून इंग्लंडला आणि तिथून अमेरिकेला गेलं. तिथल्या कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने ते दुरुस्त करून १९८९ मध्ये पुन्हा उडवलं. सहावं आपल्याकडेच, दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात. आज जगात धड उभी असलेली लिबरेटर्स डझनभराच्या आसपास भरतील. त्यातली ही सहा.

उडवण्याबद्दल माझं मत कुणाला आवडत नाही, तरी सांगतो. कॉलिंग्जचं लिबरेटर तीस वर्षं लोकांना घेऊन फिरलं. २०१९ मध्ये त्याच संस्थेचं बी-१७ कनेक्टिकटमध्ये कोसळलं, सात माणसं गेली, आणि तिथली प्रवासी उड्डाणं थांबली. पंचाहत्तर वर्षांच्या धातूत आतून काय चाललंय हे बाहेरून चकचकीत पॉलिश बघून कळत नाही. पंखाच्या स्पारमध्ये (मुख्य तुळईत) पापुद्रे सुटतात, चाकांच्या मॅग्नेशियमची पावडर होते. पेट्रोलच्या टाक्यांतलं रबर सगळ्यात आधी जातं. प्रदर्शनाला ठेवायचं असेल तर या गोष्टी तपासून, वाळवून, झाकून ठेवता येतात. उडवायचं असेल तर त्या बदलाव्याच लागतात, आणि बदलत गेलं की तुमचा दुसरा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा. के.एन. ७५१ ने युद्ध केलं काही आठवडे. भारतीय हवाई दलाच्या तिरंगी वर्तुळाच्या खुणेखाली ते वीस वर्षांच्या आसपास होतं. तरी हेंडनला ते ९९ स्क्वॉड्रनच्या रंगात उभं आहे. ओटावाचं कॅनडाच्या हवाई दलाच्या रंगात. कॉलिंग्जच्या विमानाने तर तीन रूपं बदलली: 'ऑल अमेरिकन', मग 'ड्रॅगन अँड हिज टेल', मग 'विचक्राफ्ट'. ते उडवत होतं ६ स्क्वॉड्रन, ज्याचं टोपणनाव 'ड्रॅगन्स', पण रंगवलेला ड्रॅगन मात्र पॅसिफिकमधल्या अमेरिकन तुकडीचा. संग्रहालयांना दोष देत नाही, लोक तिथे युद्ध बघायलाच येतात. पण या सहाही विमानांच्या पत्र्यातले कितीतरी रिव्हेट बंगळूर, कानपूर आणि पुण्यात ठोकलेले आहेत. आणि ती उरली याचं कारण कुणी प्रेमाने जपली हे नाही. आपल्याला दुसरं घेणं परवडत नव्हतं म्हणून आपण ती वापरत राहिलो. रोज वापरायची म्हणून रोज तेल, रोज तपासणी, दर पावसाळ्यानंतर गंज खरवडणं.

लंडन लांब पडत असेल तर पालमला जा. तिथलं लिबरेटर एच.ई. ९२४ आपल्याच रंगात आहे. त्याच संग्रहालयात लायसँडर नावाचं लहानसं, उंच पंखांचं विमान आहे, तेही चुकवू नका. आपल्या हवाई दलाची सुरुवातीची स्क्वॉड्रन्स युद्धात त्याच जातीच्या विमानांवर लढली. पण आपल्याकडे एकही उरलं नव्हतं, म्हणून हे कॅनडाहून आणलं. त्याच्या बदल्यात दिलं ते ओटावाला गेलेलं लिबरेटर. आणि हो, लिबरेटरच्या शेपटीखाली वाकून टेकू आहे का तेवढं बघा, आणि मला कळवा.